बाटलीतील वीज आणि नाण्यांची चवड

१७४६ सालच्या जानेवारी महिन्यात हॉलंडमधील लायडेन शहरी पदार्थविज्ञानाचे अध्यापन करणारे प्राध्यापक पीटर व्हान मुशेनब्रुक पॅरिसच्या विज्ञान-अकादमीतील आपले स्नेही रेओम्यूर यांस पत्र लिहावयास बसले, तेव्हा त्यांच्या अंगातील थरकाप पुरता ओसरला नसावा. एक नवा परंतु भयंकर प्रयोग आपणांस कळवीत आहे, तो आपण स्वतः मुळीच करून पाहू नये, अशी सूचना त्यांनी प्रारंभीच करून ठेवली. आणि फ्रान्सचे सारे राज्य देऊ केले तरी तो धक्का दुसऱ्यांदा सोसण्यास आपण तयार होणार नाही, हेही त्याच पत्रात नमूद केले. ज्या साधनाने एका शांत, पोक्त आणि युरोपभर मान्यता पावलेल्या पंडिताची ही अवस्था केली, ते साधन म्हणजे अर्धवट पाण्याने भरलेले एक काचेचे भांडे, त्यात सोडलेली एक पितळी तार आणि ते भांडे धरणारा त्यांचा स्वतःचा उजवा हात, एवढेच होते. मनुष्याने वीज साठवून ठेवली ती प्रथम अशा घरगुती वस्तूंत; आणि पुढे चौपन्न वर्षांनी तिचा अखंड प्रवाह उत्पन्न केला तोही रुप्याची नाणी, जस्ताच्या चकत्या आणि मिठाचे पाणी यांच्या योगाने. या दोन घटनांच्या दरम्यानचा काळ हा विज्ञानाच्या इतिहासातील अत्यंत रसाळ काळ आहे, आणि त्याचे मर्म माझ्या मते एकाच गोष्टीत आहे: विजेला जाण्यासाठी जशी वाट लागते तशी परतण्यासाठीही लागते, हे ज्ञान मनुष्याला कसे, कोणत्या चुकांतून आणि कोणाच्या हातून प्राप्त झाले, त्यात.

घर्षणाने वीज उत्पन्न होते ही गोष्ट जुनी. लोकरीवर घासलेला तृणमणी गवताची काडी ओढून घेतो, हे तर त्याच्या नावातच सांगून ठेवले आहे. माग्देबुर्ग नगरीचा नगराध्यक्ष ओटो फॉन गेरिके याने सतराव्या शतकात गंधकाचा एक गोळा ओतवून, तो आसावर फिरवून व हाताने घासून त्याच्या अंगचे आकर्षण लोकांस दाखविले. पुढे लंडनच्या रॉयल सोसायटीत फ्रान्सिस हॉक्स्बी याने गंधकाच्या जागी काचेचा पोकळ गोल घेतला, त्यातील हवा काढून टाकली, आणि फिरत्या गोलावर हात टेकताच अंधाऱ्या दालनात असा जांभळट उजेड पडला की जवळ धरलेल्या पुस्तकातील मोठी अक्षरे वाचता यावीत. अशा रीतीने वीज उत्पन्न करण्याचे यंत्र हाती आले. पण उत्पन्न झालेली वीज ठेवावी कोठे, याचा मात्र कोणालाच पत्ता नव्हता. दिवसभर रहाट चालवावा आणि जवळ हौद बांधलेलाच नसावा, तशी ही गत होती. यंत्र थांबले की काही क्षणांत सारे विरून जाई, आणि पावसाळी हवेत तर तेवढेही धड होत नसे.

या कथेतील पहिला खरा नायक मात्र कोणी प्राध्यापक नव्हता. स्टीफन ग्रे हा कँटरबरीचा धंद्याने रंगारी. उतारवयात तो लंडनच्या चार्टरहाउस नामक धर्मादाय आश्रमात राहू लागला आणि तेथील आपल्या खोलीत काचेची नळी घासून प्रयोग करीत बसे. नळीच्या तोंडाला धूळ जाऊ नये म्हणून त्याने बूच मारले होते. नळी घासली असता पिसे त्या बुचाकडेही धावतात हे १७२९ साली त्याच्या ध्यानात आले. बुचाला तर कोणी घासले नव्हते! तेव्हा त्याने बुचात काडी खोचली, काडीच्या टोकाला हस्तिदंती गोळी बसविली, मग काडीऐवजी सुतळी बांधली, आणि ही सुतळी क्रमाक्रमाने लांब करीत गेला. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात केंट परगण्यातील ऑटर्डन येथे ग्रॅनव्हिल व्हीलर या स्नेह्याच्या वाड्यातील लांबलचक दालनात त्याने सुतळी आडवी नेण्याचे ठरविले, तेव्हा ती टांगावी कशाने असा प्रश्न पडला. व्हीलरने रेशमाचे धागे सुचविले; रेशीम बारीक असते, त्यामुळे वीज त्यातून थोडीच गळेल, हा त्यातला तर्क. प्रयोग उत्तम साधला. पुढे सुतळीचा भार वाढला आणि रेशमाचा धागा तुटला, म्हणून त्याच्या जागी तितकीच बारीक पण मजबूत अशी पितळेची तार बांधली. आणि तत्क्षणी सारा प्रयोग फसला. कितीही जोराने नळी घासली तरी टोकाच्या गोळीकडे पितळेचा वर्ख हलेना. बारीकपणाचा येथे काही संबंध नसून रेशमाचे रेशीमपण आणि पितळेचे पितळपणच काय ते महत्त्वाचे, हे त्या दोघांनी ओळखले, आणि सर्व पदार्थांची वीज वाहणारे आणि वीज अडविणारे अशी जी वाटणी आपण आज शाळेत शिकतो, ती त्या तुटलेल्या धाग्यापासून सुरू झाली. पुन्हा रेशमावर टांगलेली ती सुतळी मग सातशे फुटांच्याही पलीकडे वीज घेऊन गेली. ग्रे १७३६ साली वारला.

ग्रेच्या शोधातून एक नियम रूढ झाला, आणि फ्रान्सच्या दु फे याने तो आग्रहाने प्रतिपादला, तो असा की, ज्या वस्तूत वीज भरावयाची ती वस्तू राळ, मेण, काच किंवा रेशीम यांवरच ठेवावी. हात लागला की वीज जमिनीत पळालीच म्हणून समजावे. नियम बरोबर होता, आणि त्याचमुळे विद्वानांची वाट अडून राहिली. कारण वीज साठविण्याची युक्ती हा नियम मोडल्यावाचून सापडणारी नव्हती.

तो मोडला दोघांनी, आणि दोघेही या शास्त्राचे व्यावसायिक नव्हते. पहिला एवाल्ड गेओर्ग फॉन क्लाइस्ट, पोमेरानियातील कामिन येथील प्रार्थनामंदिराचा वरिष्ठ धर्माधिकारी. त्याने १७४५ सालच्या ऑक्टोबरात औषधाची एक लहान बाटली हातात धरली, तिच्यात खिळा सोडला, तो यंत्राला लावून भारला, आणि दुसऱ्या हाताने खिळ्याला स्पर्श करताच खांद्यापर्यंत झटका बसला. त्याने बर्लिन, डान्झिग, हाले येथील विद्वानांस खलिते धाडले. परंतु बाटली हातात धरूनच भरावयास हवी, ही सगळ्यात मुख्य बाब त्याने पुरेशी स्पष्ट केली नाही. पत्र वाचणाऱ्यांनी शिरस्त्याप्रमाणे बाटली राळेच्या वडीवर ठेवली आणि काहीच घडेना म्हणून बहुतेकांनी तो विषय सोडून दिला. वर्णनात एक वाक्य उणे पडले, आणि त्या वस्तूला क्लाइस्टचे नाव मिळण्याऐवजी एका डच शहराचे मिळाले. शास्त्रीय लेखन करणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण मनात जपून ठेवावे असे मला वाटते.

दुसरा आंद्रेअस क्युनेउस, लायडेनचा एक वकील, जो मुशेनब्रुक यांच्या प्रयोगशाळेत निव्वळ हौसेने येत असे. तेथे भांड्यातील पाण्यात वीज भरण्याचा खटाटोप चालला होता. क्युनेउसने तोच प्रयोग एकट्याने करून पाहिला, आणि दु फेच्या नियमाची माहिती वा पर्वा नसल्यामुळे भांडे खुशाल हातात धरले. त्याला बसलेला धक्का पाहून प्राध्यापकांचे सहकारी आल्लामान यांनी तो करून पाहिला, तेव्हा काही क्षण त्यांचा श्वासच अडकला. आणि अखेर स्वतः मुशेनब्रुक पुढे झाले. रेशमी धाग्यांवर टांगलेली बंदुकीची लोखंडी नळी, एका टोकाशी गरगर फिरणारा व हातांनी घासला जाणारा काचगोल, दुसऱ्या टोकापासून लोंबणारी पितळी तार, आणि तिचे टोक भांड्यातील पाण्यात. उजव्या हातात भांडे धरून डाव्या हाताचे बोट त्यांनी नळीजवळ नेले मात्र, आणि वीज कोसळावी तसा सारा देह हादरला.

हे का घडले, याचा उलगडा आज आपल्याला सोपा वाटतो. भांड्याच्या आतले पाणी हा एक वाहक, बाहेरून धरणारा ओला तळहात हा दुसरा वाहक, आणि मध्ये काचेची भिंत. आत एका जातीची वीज दाटू लागली की बाहेरच्या तळहातात विरुद्ध जातीची ओढली जाते, आणि तिच्याबरोबरीची सजातीय वीज अंगावाटे जमिनीत निघून जाते. या दोन विरुद्ध विजा काचेच्या अलीकडून-पलीकडून एकमेकींना आकर्षून धरतात, त्यामुळे पुष्कळ मोठा साठा दाटीवाटीने राहू शकतो. हात नसेल तर दुसरी बाजूच नाही, आणि दुसरी बाजू नाही तर साठाही नाही. क्युनेउसच्या अज्ञानाने जे साधले ते नेमके हे, की साठवणीसाठी एक भांडे पुरत नाही, समोरासमोरचे दोन किनारे लागतात. आपल्या आजच्या रेडिओत आणि पंख्यात बसविलेले धारित्र हे त्या भांड्याचेच वंशज आहे. काच गेली, पाणी गेले, किनारे मात्र दोनच राहिले.

पॅरिसमध्ये रेओम्यूरच्या हाती आलेले ते पत्र आबे नॉले यांनी अकादमीपुढे ठेवले, त्या साधनाला लायडेनची बरणी हे नाव दिले, आणि पत्रातील इशारा बाजूस सारून लागलीच प्रयोगही केला. व्हर्साय येथे पंधराव्या लुईच्या समक्ष त्यांनी शाही पहाऱ्यातील १८० शिपाई हातात हात देऊन उभे केले. पहिल्याच्या हाती बरणी दिली, अखेरच्याने तिच्या तारेला बोट लावले, आणि सारेच्या सारे एकाच क्षणी उसळले. दरबाराला हा तमाशा वाटला असेल. मला मात्र त्या १८० माणसांच्या रांगेत काही निराळेच दिसते: बरणीच्या आतून निघालेली वीज बरणीच्या बाहेरच्या अंगास परत येईपर्यंत वाटेतील एकही हात सुटता कामा नये, आणि एकाने जरी हात सोडला तर कोणालाच काही होणार नाही, हा अनुभव तेथे इतक्या लोकांनी एकदमच घेतला. विद्युत्-मंडल ही संज्ञा पुस्तकात स्थिरावण्याआधी ती अशी माणसांच्या हातांनी रचली गेली.

इंग्लंडात विल्यम वॉटसन याने त्या मंडलाचा विस्तार केला. १७४७ च्या जुलैत लंडनच्या वेस्टमिन्स्टर पुलावरून त्याने तार नेली आणि परतीची वाट खालच्या थेम्स नदीकडून घेतली: एका काठावरचा माणूस बरणी आणि पाणी यांना जोडून, दुसऱ्या काठावरचा तार आणि पाणी यांना जोडून उभा, आणि धक्का दोघांनाही. पुढे कोरड्या जमिनीतूनही परतीची वाट साधली, आणि मैलोगणती अंतर काटायला विजेला किती काळ लागतो हे मोजू जाता काळाचा अंशही हाती लागला नाही. तिकडे डान्झिगच्या डानिएल ग्रालाट याने अनेक बरण्या एकत्र जोडल्या, आणि जॉन बेव्हिस याच्या सूचनेने हाताच्या जागी बरणीला बाहेरून धातूच्या पातळ पत्र्याचे, आपल्याकडे ज्याला बेगड म्हणतात तशा पत्र्याचे, वेष्टन आले. आता बरणी धरण्यास माणूस लागेना.

या सर्वांना अर्थ देणारा पुरुष अटलांटिकच्या पलीकडे फिलाडेल्फियात होता. बेंजामिन फ्रँकलिन हा मुद्रणाचा धंदा करणारा गृहस्थ. लंडनच्या पीटर कॉलिन्सन याने तेथील ग्रंथालयासाठी काचेची एक नळी पाठविली, ती याच्या हाती पडली, आणि पुढील काही वर्षे त्याला दुसरे व्यवधान उरले नाही. हिशेबाच्या वहीशी त्याचा रोजचा परिचय होता, आणि त्याने विजेचा हिशेबही जमा-खर्चाच्या भाषेत मांडला. बरणी भरते म्हणजे तिच्यात नवी वीज पैदा होत नाही. आतल्या अंगाला जितकी अधिक होते तितकीच बाहेरच्या अंगाला उणी होते, आणि दोघांची बेरीज आधीइतकीच राहते. अधिक आणि उणे ही चिन्हे आपण आजही सेलच्या टोकांवर छापतो, ती या विचारातून आली आहेत. मग साठा नेमका असतो कोठे? त्याने भारलेल्या बरणीतील पाणी दुसऱ्या बाटलीत ओतले. त्या बाटलीला काहीच जोर नव्हता. रिकाम्या झालेल्या पहिल्या बरणीत किटलीतले ताजे पाणी भरले. धक्का जसाच्या तसा बसला. तेव्हा साठा पाण्यात नसून काचेच्या आश्रयाने आहे असे अनुमान करून त्याने पाण्याला आणि बरणीच्या आकाराला रजा दिली, आणि खिडकीच्या काचेच्या ११ तावदानांना दोन्ही बाजूंनी शिशाचे पातळ पत्रे लावून ती एकमेकांना जोडली. या समुदायाला त्याने नाव दिले ते लष्करातले: तोफांच्या रांगेला इंग्रजीत बॅटरी म्हणतात, तेच. १७४९ च्या एका पत्रात हा शब्द या अर्थाने आला आणि आज तो खेड्यापाड्यांत विजेरीसाठी रूढ आहे.

फ्रँकलिनच्या बरण्या खेळण्यातल्या नव्हत्या. १७५० च्या नाताळाच्या दोन दिवस आधी, दोन मोठ्या बरण्यांच्या धक्क्याने टर्की पक्षी मारून दाखविण्याच्या तयारीत असता, एका हाताने बरण्यांच्या वरच्या तारा आणि दुसऱ्या हाताने बाहेरच्या अंगास जोडलेली साखळी त्याच्याकडून एकदमच धरली गेली, आणि सारा साठा त्याच्या छातीतून गेला. शुद्धीवर येईपर्यंत काय झाले हे त्याला उमगले नाही, आणि छातीचे हाड पुढे काही दिवस दुखत राहिले. हा प्रमाद त्याने स्वतःच लिहून ठेवला आहे. परंतु त्याच बरणीची उणीवही येथे स्पष्ट होते: जे तासभर यंत्र फिरवून भरावे ते निमिषार्धात रिते होते. साठा आहे, प्रवाह नाही. पुढील पन्नास वर्षे विजेचे शास्त्र या मर्यादेत राहिले. आकाशातील वीज आणि बरणीतील वीज एकच, हे सिद्ध झाले तरी ती मर्यादा हलली नाही.

ती हलविण्याचे निमित्त बोलोन्या येथील एका शरीरशास्त्रज्ञाच्या टेबलावर घडले. लुइजी गॅल्व्हानी हे बेडकांचे विच्छेदन करून स्नायू व मज्जातंतू यांचा अभ्यास करीत. पितळी आकड्याला अडकविलेले बेडकाचे पाय घराच्या सज्जातील लोखंडी कठड्याला टेकले की आभाळ निरभ्र असतानाही ते आखडतात, असे त्यांना दिसले, आणि प्राण्याच्या शरीरातच वीज साठविलेली असते, स्नायू म्हणजे जणू लायडेनची बरणीच, असा सिद्धांत त्यांनी १७९१ साली प्रसिद्ध केला. पाव्हिया विद्यापीठातील अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी प्रयोग करून पाहिले, प्रथम मान डोलावली, आणि नंतर एका प्रश्नापाशी ते अडले: दोन निरनिराळे धातू असले तरच पाय जोराने का आखडतात? बेडूक हा विजेचा उगम नसून केवळ विजेची सूक्ष्म खूण दाखविणारे साधन असेल तर? यातून जो वाद माजला त्यात दोन्ही पक्ष अंशतः खरे होते, कारण मज्जातंतूंत विजेचा व्यापार खरोखरच चालतो. परंतु गॅल्व्हानींना तो निकाल ऐकावयास मिळाला नाही. नेपोलियनच्या आश्रयाने स्थापन झालेल्या नव्या प्रजासत्ताकाशी निष्ठेची शपथ घेण्याचे त्यांनी सदसद्विवेकबुद्धीला अनुसरून नाकारले, त्यापायी अध्यापकाची जागा गेली, आणि १७९८ च्या डिसेंबरात ते निवर्तले. प्रतिपक्षाच्या विजयाच्या भरात या सज्जनाचा विसर पडू देणे बरे नव्हे.

व्होल्टा यांनी बेडूक बाजूस ठेवला आणि स्वतःची जीभ पुढे केली. जिभेच्या वर एक आणि खाली दुसरा धातू ठेवून त्यांची टोके जुळविली की आंबट चव येते. हात काढला की चव जाते, आणि जोडणी राहील तोवर चवही राहते. या शेवटच्या गोष्टीवर व्होल्टांचे लक्ष खिळले. बरणीचा धक्का क्षणात संपतो; ही चव टिकते, म्हणजे काहीतरी वाहतच आहे! जोर फार थोडा, एका जोडीमागे आजच्या मापाने एक व्होल्टच्या आसपास. तेव्हा जोड्या वाढवावयाच्या. पण नुसते धातूवर धातू रचून जोर वाढत नाही. प्रत्येक जोडीनंतर एक ओला थर हवा. रुपे, जस्त, खारे पाणी प्यालेल्या पुठ्ठ्याची चकती. पुन्हा रुपे, जस्त, पुठ्ठा. क्रम कोठेही न चुकविता तीस, चाळीस, साठ जोड्यांची चवड उभी राहिली. खालच्या टोकाला पाण्याच्या भांड्यात एक ओला हात आणि वरच्या टोकाला दुसरा ठेवताच बरणीसारखा झटका बसे, आणि हात पुन्हा लावला की पुन्हा बसे. मधे कोणी ती भरलेली नसे. व्होल्टा यांनी चवडीच्या तारा आपल्या कानांत घातल्या, तेव्हा डोक्यात काही खदखदत असल्यासारखा आवाज झाला, आणि मेंदूस इजा होईल या भीतीने तो प्रयोग त्यांनी पुन्हा केला नाही. विजेच्या माशाच्या अंगातही अशाच पापुद्र्यांच्या चवडी असतात हे ते जाणून होते, आणि आपल्या साधनाला त्यांनी त्या माशाच्या इंद्रियाचीच उपमा दिली. चवडीचा एक दोष त्यांना आरंभीच खटकला: वरच्या धातूच्या वजनाने पुठ्ठे पिळले जातात, पाणी कडांवरून ओघळते आणि जोर उतरतो. म्हणून खाऱ्या पाण्याचे पेले वर्तुळात मांडून धातूंच्या कमानींनी ते जोडण्याची दुसरी रचनाही त्यांनी केली.

२० मार्च १८०० रोजी कोमो येथून त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांस हे वृत्त फ्रेंच भाषेत कळविले. युरोपात लढाई पेटलेली, टपालाचा भरवसा नाही, म्हणून पत्र दोन भागांत धाडले. पहिला भाग पोहोचताच बँक्स यांनी तो शल्यचिकित्सक अँथनी कार्लाइल यांस दाखविला. त्यांनी विल्यम निकल्सन यांस गाठले, आणि उत्तरार्ध हाती येण्याची वाटही न पाहता १७ रुप्याचे हाफ-क्राउन, तितक्याच जस्ताच्या चकत्या आणि तितकेच भिजविलेले पुठ्ठे यांची चवड लंडनमध्ये उभी राहिली. तार वरच्या चकतीला नीट टेकावी म्हणून त्यांनी तेथे पाण्याचा एक थेंब टाकला. त्या थेंबात तारेभोवती बारीक बुडबुडे उठताना कार्लाइल यांनी पाहिले, आणि त्यांचा वास निकल्सन यांना हायड्रोजनसारखा आला. २ मे रोजी दोघांनी पाण्याने भरलेल्या नळीत दोन तारा सोडल्या. एकीपासून हायड्रोजन वर आला आणि दुसरी पितळी तार काळवंडत गेली. पुढे प्लॅटिनमच्या तारा घेतल्या तेव्हा त्या बाजूस ऑक्सिजन निघाला. व्होल्टांचे पत्र सोसायटीपुढे वाचले गेले ते २६ जूनला. त्याआधीच त्यांच्या चवडीने पाण्याची फोड केली होती. एका थेंबाकडे इतक्या बारकाईने पाहणाऱ्या त्या दोन माणसांचा मला विलक्षण आदर वाटतो.

त्यांच्या हे ध्यानात आले, आणि व्होल्टांनी मात्र त्याला महत्त्व दिले नाही, की चवडीतील जस्त झिजते. दोन धातूंचा स्पर्श हाच विजेचा अक्षय उगम, अशी व्होल्टांची श्रद्धा होती. वस्तुतः जस्ताचा क्षय हीच त्या विजेची किंमत होती, आणि जस्त संपले की चवडही संपते. हंफ्री डेव्ही याने १८०७ च्या ऑक्टोबरात मोठ्या विद्युत्घटांच्या साह्याने पोटॅशियम आणि लागोपाठ सोडियम हे धातू प्रथमच वेगळे काढले, तेव्हा रसायन आणि वीज यांचा संबंध निर्विवाद झाला. राहिलेली अडचण अशी की धातूवर हायड्रोजनचे बुडबुडे साचून घटाचा जोर लवकर मंदावे. लंडनच्या किंग्ज कॉलेजातील जॉन फ्रेडरिक डॅनिएल याने १८३६ साली तांब्याला मोरचुदाच्या द्रावणात आणि जस्ताला सच्छिद्र भांड्यापलीकडे सौम्य आम्लात ठेवून ती दूर केली, आणि स्थिर जोराचा घट जगास मिळाला. या काळाच्या दरम्यान १८३१ साली फॅरडेने चुंबकाच्या योगाने वीज उत्पन्न करण्याचा मार्ग दाखविला, पण ते प्रकरण स्वतंत्र लेखाचे आहे.

साठवण आणि निर्मिती या दोन कथा एकत्र आल्या १८५९ साली. पॅरिसमध्ये गास्तों प्लांते याने शिशाचे दोन लांब पत्रे, मध्ये कापडाच्या पट्ट्या घालून, वळकटीसारखे गुंडाळले आणि सौम्य गंधकाम्लात बुडविले. बाहेरून प्रवाह दिला की त्या पत्र्यांच्या पृष्ठभागावर रासायनिक फेरफार होई; तारा जोडल्या की तोच फेरफार उलट दिशेने होऊन प्रवाह परत मिळे; आणि रिता झालेला घट पुन्हा भरता येई. बरणीप्रमाणे भरावयाचा आणि चवडीप्रमाणे वाहावयाचा असा हा घट. आपल्या मोटारींच्या बॉनेटखाली जी शिशाची बॅटरी बसते ती याच कुळातली.

आपल्या देशाशी या घटांचा संबंध तारेच्या खात्यातून आला. १८५० साली कलकत्ता ते डायमंड हार्बर ही पहिली तार ओढली गेली, आणि १८५५ च्या फेब्रुवारीत मुंबई, आग्रा, कलकत्ता आणि मद्रास या शहरांमधील तारा सर्वसाधारण लोकांस खुल्या झाल्या. त्या काळी मुंबईहून निघालेला प्रत्येक संदेश कोठल्या तरी कचेरीतील घटांमधले जस्त झिजवीतच पुढे जात होता.

मी स्वतः चवड पाहिली ती तालुक्याच्या गावच्या शाळेत. भोकाचा पैसा नुकताच चलनातून गेला होता आणि घरोघर डब्यांत तसले पैसे पडून होते. आमच्या शास्त्राच्या गुरुजींनी ते गोळा करविले, विजेरीच्या संपलेल्या सेलची जस्ताची कवचे कापून चकत्या केल्या, टिपकागद मिठाच्या पाण्यात बुडविला. पैशाला भोक आहे तर चवड दोऱ्यात ओवावी, म्हणजे ती ढासळणार नाही, अशी युक्ती आम्ही मुलांनी काढली आणि मोठ्या अभिमानाने वीस जोड्या ओवल्या. होकायंत्राभोवतीच्या वेढ्यांना तारा लावल्या. सुई ढिम्म हलेना. गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी दोरा कात्रीने कापून बाहेर ओढला, तो आमच्या हातात दिला आणि विचारले, "हा कोरडा आहे का रे?" दोरा मिठाच्या पाण्याने चिंब झाला होता, वीज बाहेर न जाता त्या दोऱ्यातूनच आतल्या आत फिरून संपत होती. मग आम्ही चवड पुन्हा रचली, तीन कोरड्या काचेच्या कांड्यांच्या आधाराने, आणि तार टेकताच सुई झर्रकन वळली. विजेरीचा दिवा काही त्या चवडीने लागला नाही, तेवढा प्रवाह तिच्यात नव्हता. पण ती सुई मी अजून विसरलो नाही.

म्हणून शास्त्र शिकविणाऱ्या बंधुभगिनींस माझी विनंती आहे की, फळ्यावर आकृती काढून थांबू नका, चवड मुलांच्या हातांनी रचू द्या. तांब्याच्या पट्टीचे तुकडे, जुन्या सेलचे जस्त, टिपकागद आणि चिमूटभर मीठ एवढे साहित्य कोणत्याही शाळेत जमेल. टिपकागदाच्या चकत्या धातूच्या चकत्यांहून किंचित लहान कापवून घ्या आणि पाण्यातून काढल्यावर त्या चांगल्या पिळून मगच ठेवावयास सांगा; पाणी कडेने ओघळले की चवड मरते.